अंगावरचं ऊन

लळिंगचा घाट तसा काही फार मोठा नाही. कसारा चढलेली मंडळी त्याला घाट म्हणायलाही तयार होणार नाहीत. पण जानेवारीत पहाटे सायकलवर धुळ्यातून निघावं, ट्रकांच्या दिव्यांत तो चढ गाठावा आणि वर पोचेपर्यंत पाठीवरची घामाची धार कमरेशी यावी, एवढा तो नक्कीच आहे. चढताना सगळं झकास होतं. गोची झाली ती उलटं फिरून उतरायला लागल्यावर.

अंगात सुती टी-शर्ट, त्यावर स्वेटर, त्यावर विंडचीटर. बघणाऱ्याला वाटावं बाई काश्मीरला निघाल्या. उतारावर पायांना काम नाही, म्हणजे अंगात ऊब तयार होत नाही आणि वारा तर थेट छातीवर. दोन मिनिटांत तो टी-शर्ट ओल्या फरशीपुसण्यासारखा पाठीला चिकटला. पायथ्याच्या टपरीवर चहाचा ग्लास हातात घेतला, तर दात कडकडा वाजत होते आणि निम्मा चहा बोटांवर सांडला. टपरीवाले काका म्हणाले, "ताई, आंग वलं व्हयी गयं तुमनं. इकडे शेकोटीजोडे बठा."

शेकोटीत पऱ्हाट्या जळत होत्या. बोंडं वेचून झाल्यावर शेतात उरलेल्या कपाशीच्या वाळक्या काड्या. ज्या झाडाच्या कापसाने मला कुडकुडवलं, त्याच झाडाच्या काड्यांवर मी हात शेकत बसले होते. कापूस म्हणजे आमचं पांढरं सोनं. माझ्या माहेरची चूलही त्याच्यावरच पेटली, कारण बाबा अमळनेरच्या प्रताप मिलमध्ये साच्यावर होते. त्यामुळे कापसाबद्दल वाकडं बोलायची आमच्या घरात पद्धत नाही. पण त्या सकाळी मी मनातल्या मनात बरंच बोलले.

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. म्हणजे हे मला आधीच कळायला हवं होतं. सुती धाग्याला पाण्याची भारी हौस. घाम पिऊन तो फुगतो, धाग्यांमधल्या ज्या हवेने ऊब धरायची तिची जागा पाणी घेतं, आणि ते पाणी वाळायचं तर उष्णता अंगातूनच ओढून घेणार. वरचा स्वेटर ॲक्रिलिकचा. तो पाणी शोषतच नाही, म्हणजे आतला ओलावा आतच. आणि विंडचीटरने वरून झाकण लावलेलं.

खानदेश म्हटलं की बाहेरच्यांना भुसावळचा मे महिना आठवतो. 45 अंश आणि पायाखाली मऊ झालेलं डांबर. आमची थंडी कुणाच्या खिजगणतीत नसते. पण उत्तरेकडून वारं सुटलं की धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातला पारा 6-7 अंशांवर येतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात त्याची बातमी लागते. वर सातपुड्यात, तोरणमाळ आणि डाबकडे, एखाद्या वर्षी दव गोठतं. आणि त्याच दिवशी दुपारी दोनला धुळ्यात 28-29 अंश! भल्या पहाटे निघालेली सायकल दुपारी घरी येईपर्यंत दोन ऋतू ओलांडते. जाड स्वेटर घातला तर नऊ वाजता काढून कुठे ठेवायचा हा प्रश्न, नाही घातला तर साडेसहाला हुडहुडी.

यावर उत्तर आहे, आणि ते सायकलवाल्यांना शंभर वर्षांपूर्वीच माहीत होतं: लोकर. जुन्या शर्यतींचे फोटो पाहा. टूर द फ्रान्समध्ये पहिल्या क्रमांकावरच्या स्वाराला पिवळी जर्सी द्यायला 1919 मध्ये सुरुवात झाली. तेव्हा हे गडी फ्रान्सच्या ऐन उन्हाळ्यात लोकरीच्या जर्सी घालून दिवसाला तीनतीनशे किलोमीटर जायचे. पुढे 1940 च्या दशकाच्या अखेरीस आयोजकांनी कृत्रिम धागा मिसळलेली पिवळी जर्सी आणली. लुइझाँ बोबे नावाच्या स्वाराने ती घालायला साफ नकार दिला. म्हणाला, घाम गाळायचा तर अंगावर शुद्ध लोकरच हवी. शेवटी त्याच्यासाठी रातोरात लोकरीची जर्सी करून घ्यावी लागली. सोवळ्यात जेवणाऱ्या आमच्या एका आजेसासऱ्यांची मला हे वाचताना आठवण झाली. त्यांनाही लोकरीच्या धाबळीशिवाय पान चालत नसे.

लोकरीचं असं आहे की तिच्या वजनाच्या जवळपास तीस टक्के ओलावा ती पोटात घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. वर ओलावा शोषताना थोडी उष्णताही सोडते. घामाचा वास धाग्याच्या आतच अडकून राहतो, त्यामुळे दोन-तीन फेऱ्या न धुता चालतं. पॉलिस्टरची सायकल जर्सी ज्यांनी एक दिवस धुवायची विसरून बॅगेत ठेवली आहे, त्यांना या शेवटच्या वाक्याचं मोल जास्त सांगायला नको.

आता भाव. मेरिनो मेंढीच्या लोकरीचा साधा पातळ बनियन नेटवर मला दिसला तो चार-पाच हजारांचा. खास सायकलची, मागे खिसे असलेली जर्सी त्याच्या दुप्पट. माझी गिअरची सायकलच मी जुनी घेतलेली, अठरा हजारांना. दोन जर्सीत सायकल संपली की.

तेव्हा मी बाजारात निघाले.

आग्रा रोडवरच्या एका दुकानात गेले आणि पहिल्याच वाक्याला घोळ झाला. "लोकरीचं काही आहे का?" असं विचारलं तर पोरगा बघतच राहिला. मग म्हणाला, "वूलन का मॅडम? हे काय सगळं वूलनच." धुळ्याच्या बाजारात वूलन म्हणजे जे काही थंडीत घालतात ते. फ्लीसचं जॅकेट वूलन, माकडटोपी वूलन, हातमोजे वूलन. कॉलर उलटी करून चिठ्ठी दाखवली, तिच्यावर स्वच्छ लिहिलेलं, शंभर टक्के ॲक्रिलिक. तो म्हणाला, "हां मग, ॲक्रिलिक वूलन." गल्ल्यावरचे शेठ मदतीला धावले. "ताई, प्युअर ऊन पाहिजे का? प्युअर ऊन आता येत नाही."

हिंदीतली ऊन आणि मराठीतलं ऊन. आपल्याकडे हिंदी-मराठी-अहिराणीची खिचडी असल्यामुळे दोन्ही एकाच दुकानात नांदतात. बाहेर अकराचं ऊन तापलेलं, आत शेठ सांगतायत की ऊन येत नाही. मला हसू आवरेना. तिकडे जळगावच्या एमआयडीसीत रेमंडचा कारखाना, उंची सुटाची कापडं करणारं नाव, आणि इथे शेजारच्या जिल्ह्यात एक लोकरी बनियन मिळू नये!

खादी भांडारात गेले. गांधी जयंतीपासूनची सूट अजून चालू होती. तिथे खरी लोकर होती, पण शाली, मफलर आणि पुढाऱ्यांची जाकिटं या रूपात. एक मफलर घेतला. तो अजून वापरते, त्यामुळे त्या फेरीबद्दल तक्रार नाही.

मग तिबेटी बाजार. दर हिवाळ्यात ही मंडळी येतात, मांडव टाकून दोन-तीन महिने बसतात आणि होळीच्या आत निघून जातात. माल बहुतेक लुधियानाचा. एक मावशी स्वतःसाठी टोपी विणत बसल्या होत्या. त्यांच्या सुईवरचा धागा मला चमकदार वाटला नाही, म्हणून विचारलं. त्या हसल्या. "ये असली है दीदी, ये मेरे लिए है. बेचने का वो सब कॅशमिलॉन." कॅशमिलॉन म्हणजे ॲक्रिलिकच. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "असली महंगा पडता है. यहाँ ठंडी दो महीना. कौन लेगा?" इतकं प्रामाणिक उत्तर मला त्या महिन्यात दुसऱ्या कुणी दिलं नाही.

खरी लोकर मला पहिल्यांदा भेटली ती चालती-फिरती, साक्री रस्त्यावर. ठेलारी मेंढपाळांचा कळप होता. दोनेकशे मेंढरं, दोन कुत्री, मागे घोड्यावर बिऱ्हाड आणि बिऱ्हाडावर कोंबड्या. सायकल बाजूला घेऊन थांबले. म्हाताऱ्या बाबांच्या खांद्यावर काळी घोंगडी होती. हात लावू का विचारलं. त्यांनी सरळ काढून माझ्या हातात दिली. केवढं वजन! आणि दाढीच्या खुंटासारखी टोचरी. आमच्या दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि राठ. मेरिनोचा धागा जाडीला 24 मायक्रॉनच्या आतला, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तीसच्या पुढे गेला की त्याचं टोक कातडीला लागून वाकत नाही, सरळ टोचतं. घोंगडी पावसाळ्यात खोळ करून डोक्यावर घ्यायला बेस्ट, अंगाला लावून सायकल चालवायला नाही. लोकरीचं काय करता, विचारलं. बाबा म्हणाले, कातरायची मजुरीसुद्धा तिच्या भावातून निघत नाही, पण कातरावी तर लागतेच, नाहीतर जनावर हैराण होतं. आणि मग माझ्या सायकलकडे बघून त्यांनी विचारलं, "हाई कितलाले लिधी?" मी किंमत निम्मी करून सांगितली. तरी त्यांनी मान हलवली.

म्हणजे लोकरीचं माझं भिजत घोंगडं तसंच राहिलं.

ते सुटलं आठवडे बाजारात, जुन्या कपड्यांच्या ढिगाजवळ. ताडपत्रीवर कमरेएवढा ढीग आणि एक पोरगा एका सुरात ओरडतोय, "ऐंशीला कोणताबी, ऐंशीला कोणताबी." हे परदेशातून गठ्ठ्यांनी आलेले, लोकांनी टाकून दिलेले कपडे. यांतले जे अगदीच कामातून गेलेले असतात ते पानिपतला फाडून, पिंजून, पुन्हा काततात आणि त्याची कांबळी होतात, पुराच्या-भूकंपाच्या वेळी वाटतात ती. जे बरे असतात ते असे गावोगावच्या ताडपत्रीवर येतात. त्या ढिगात लोक रंग बघत होते, चेन चालते का बघत होते. मी डोळे मिटून हात घातला.

खरंच सांगते, डोळे मिटूनच जमतं. ॲक्रिलिक हलकं आणि थोडं चुरचुरीत लागतं, मुठीत दाबलं तर दाबल्यासारखं राहतं. लोकर मुठीत दाबून सोडली की उसळून वर येते आणि हाताला क्षणभरात ऊबदार होते. तिसऱ्या मिनिटाला हाताला काहीतरी लागलं. ओढून काढलं तर करड्या रंगाचा पुरुषी स्वेटर, आतल्या शिवणीला लोकरीच्या गुंड्याचं ते वूलमार्क चिन्ह, 1964 पासूनचं, आपण लहानपणी मासिकांच्या मागच्या पानावर पाहिलेलं. कोपरावर दोन भोकं. पोरगा म्हणाला, "मॅडम तो फाटेल शे, दुसरा घ्या." मी म्हटलं, फाटलेलाच हवाय.

कारण ती कसरीची भोकं होती. कसर मोठी चोखंदळ. तिच्या अळीला केराटिन लागतं, केसांत-नखांत-लोकरीत असतं ते प्रथिन. त्याच ढिगात, त्याच गठ्ठ्यात शंभर स्वेटर असतील, ती ॲक्रिलिकच्या वाटेला जात नाही. चिठ्ठी खोटी असू शकते, दुकानदार तर असतोच, पण कसर कधी फसत नाही. तेव्हापासून मी ढिगात आधी भोकं शोधते आणि मग रफूवाल्याकडे जाते. त्यांनी मागच्या वेळी विचारलं, "मॅडम, घरात उंदीर झाले का?"

चिठ्ठीच नसेल तर काडेपेटी. आतल्या शिवणीतून बोटभर धागा काढायचा, चिमट्यात धरायचा आणि काडी लावायची. ॲक्रिलिक भडकतं, वितळतं आणि खाली कडक काळा मणी होऊन बसतं. सुती धागा कागदासारखा जळून राख होतो. लोकर मात्र नाखुशीने जळते, कुरकुरत, आणि काडी बाजूला केली की आपोआप विझते. राख चिमटीत चुरगळते. आणि वास येतो केस जळल्याचा, कारण ते केसच आहेत. हा वास एकदा नाकात बसला की विसरत नाही.

प्रयोगशाळेत तर याहून सोपं. कॉस्टिक सोड्याचं पाच टक्के द्रावण गरम करायचं आणि धागा आत टाकायचा. लोकर पूर्ण विरघळते, ॲक्रिलिक आणि सुती तसेच तरंगतात. बारावीच्या मुलांना मी घरच्या "वूलन" स्वेटरचा एकेक धागा आणायला सांगितलं. विसेक परीक्षानळ्या लागल्या. दोन धागे विरघळले. एक पोरगी हिरमुसली होऊन म्हणाली, "मॅडम, पप्पांनी दीड हजारला घेतलाय." तिचा धागा नळीत अगदी ताजातवाना दिसत होता. प्रयोग पुन्हा कधी केला नाही.

याच गुणधर्माने माझाही घात केला. ढिगातला दुसरा स्वेटर, निळा, मऊसूत, बाळाच्या जावळासारखा. आमच्या घरी धुण्याचं यंत्र नवरा लावतो. त्याने तो चादरींबरोबर टाकला, गरम पाण्यात, पावडर घालून. पावडर अल्कधर्मी, त्यात प्रथिनं खाणारी एन्झाइम, वर यंत्राची घुसळण. लोकरीच्या केसावर खवले असतात, ते गरम पाण्यात उभे राहून एकमेकांत अडकतात आणि सुटत नाहीत. एका तासाने बाहेर आला तो पाच वर्षांच्या मुलाचा, नमद्यासारखा घट्ट स्वेटर. नवरा म्हणाला, "हा एवढाच होता ना?" आता तो सायकलच्या सीटवर कव्हर म्हणून आहे, आणि सांगायला हरकत नाही, त्यासारखं कव्हर विकत मिळत नाही. बाकीचे मी स्वतः धुते. रिठ्याचं गार पाणी, पिळायचं नाही, टॉवेलात गुंडाळून दाबायचं आणि सावलीत आडवं पसरायचं. दोरीवर टांगला की वजनाने गुडघ्यापर्यंत येतो.

करड्या स्वेटरवर आमच्या शिंपीकाकांनी कारागिरी केली. बाह्या खांद्यापासून कापून वेगळ्या, वरच्या टोकाला इलॅस्टिक. पहाटे हातात चढवायच्या, ऊन चढलं की सायकल न थांबवता खाली ओढून खिशात कोंबायच्या. खिसे तीन, कमरेच्या मागे, नवऱ्याच्या लग्नातल्या टेरीवूल पँटच्या कापडाचे. त्याच पँटची माझी गुडघ्याखाली बटण लावायची विजार झाली. धुळ्यात पंचेचाळिशीच्या बाईने चड्डी घालून आग्रा रोडवरून जावं इतकी मी धीट नाही, आणि त्या विजारीला कुणी हसतही नाही, लोकांना वाटतं बाई एनसीसीत आहे. शिंपीकाकांचे दीडशे, स्वेटरचे ऐंशी, रफूचे चाळीस. दोनशे सत्तर रुपयांत मी बोबेच्या पंक्तीला जाऊन बसले. परवा त्याच कपड्यांत सोनगीर, नरडाणा करत शिरपूरच्या अलीकडे तापीच्या पुलापर्यंत जाऊन आले. पुलावर धुकं एवढं की नदी नुसती ऐकू येत होती, आणि परतताना सोनगीरच्या तांबटांच्या दुकानांतली भांडी उन्हात डोळ्यांना टोचत होती. चढावर भरपूर घाम आला. लोकर ओलसर झाली, पण पाठीला गार लागली नाही. एका शेतकरीदादाने मोटारसायकल शेजारी आणून विचारलं, "ताई, ऊन तपी राहिनं अन् सेटर कसाले?" काय सांगणार!

हे सगळं आईला कळलं आणि महाभारत झालं.

आई अमळनेरला एकटी असते. धुळ्याहून पस्तीसेक किलोमीटर, म्हणजे माझी रविवारची ठरलेली फेरी. त्या दिवशी बोरी नदीचा पूल ओलांडून घरी पोचले, सायकल ओट्यावर चढवली आणि तिचं लक्ष स्वेटरकडे गेलं. "हाई कोनं शे?" मी भाबडेपणाने सांगितलं. ढिगातला, परदेशी, ऐंशी रुपये.

"कोणाच्या अंगावरचं उतरलेलं? मेलेल्या माणसाचं असलं म्हणजे?"

मी म्हटलं, अगं आई, धुतलाय. तिने पदर नाकाला लावला आणि मला आधी न्हाणीत पिटाळलं. भरीत-कळण्याच्या भाकरीचा बेत होता, तोही जरा फणकाऱ्यातच झाला. पण जेवण झाल्यावर ती चष्मा लावून दारात बसली आणि मी पाहिलं, तो स्वेटर तिच्या मांडीवर होता. उलटा करून शिवण बघत होती. बाह्यांचा कापलेला भाग बघून तिने च्च केलं. "हातानं विणलेला होता का गं हा?" नाही म्हटलं, यंत्रावरचा. माझ्या बॅगेत त्या आठवड्याचा ताजा सौदा होता, बिनचिठ्ठीचा, तपकिरी, काडीने पास झालेला. तो दिला. तिने तो उजेडाकडे धरला, कडेवरून बोट फिरवत गेली आणि काखेपाशी थांबली. "इथे टाका सुटलाय तिचा. पुढच्या ओळीत उचललाय. हात चांगला शे."

तिचा. दहा मिनिटांपूर्वी जो मेलेला माणूस होता, त्याच्या जागी एक विणणारी बाई आली होती.

आईनेच सांगितलं की हा उसवता येईल. कडा कापून शिवलेल्या नाहीत, आकारात विणलेल्या आहेत, म्हणजे धागा सलग निघेल. कापून शिवलेला उसवायला गेलं की हातात नुसते तुकडे. दुपारभर आम्ही उसवत होतो. खुर्ची उलटी करून तिच्या पायांवर धागा गुंडाळत गेलो, शेवयांसारखा वळणावळणाचा. मग लड्या बांधून, भिजवून, खाली तांब्याचं वजन लावून त्या मोरीत टांगल्या, म्हणजे वळणं जातात. सुया तिच्याकडे होत्याच. महिन्याभरात माझ्या मापाची, मागे लांब, पुढे आखूड अशी जर्सी तयार होईल असं तिने जाहीर केलं, आणि वर हेही की सायकलवर वाकल्यावर कंबर उघडी पडते हे तिच्या केव्हाच लक्षात आलंय.

संध्याकाळी निघायची वेळ झाली तर तिने निघू दिलं नाही. रात्री पेटीचं झाकण वाजलं. ती बाबांचा बाटलीहिरवा स्वेटर घेऊन आली. माझ्या जन्माच्या आधीच्या हिवाळ्यात तिने तो विणला होता. बाबा रात्रपाळीला जाताना घालायचे, मिलच्या भोंग्याआधी दहा मिनिटं. गळ्याशी तिने स्वतः काढलेली नक्षी.

"उद्या हाई घालीसन जाय. असली उन शे. दुकानदारनी सांगेल व्हतं. सोळा लड्या लागन्यात." आणि उलगडून माझ्यासमोर धरला. "चाळीस वरीस व्हयनात पेटीमा. एक भोक नई."

मी बघितलं. खरंच एकही भोक नव्हतं. शेजारची बाबांची लोकरी टोपी पार चाळणी झालेली होती.

सवयीने माझी बोटं आतल्या शिवणीकडे गेली असावीत, कारण आई एकदम म्हणाली, "त्यासना सेटरले काडी नको लावू."

दुसऱ्या दिवशी सहाला निघाले, तोच घालून. कपाशीची शेतं रिकामी झालेली, बांधावर पऱ्हाटीचे भारे, थंडी मजबूत. पहिले दहा किलोमीटर छान गेले. मग पाठ ओली झाली आणि ओलीच राहिली. साडेआठला वारा लागला तेव्हा लळिंगची आठवण झाली. बाह्यांवर बारीक गोळे आले होते. घरी येऊन डोक्यावरून काढला तर केस चटचट करत उभे राहिले, आणि वास म्हणाल तर थेट पॉलिस्टरच्या घराण्यातला. तेवढ्यात आईचा फोन.

"पोचलीस? कसा वाटला?"

"खूप ऊब होती गं."

"मंग! सांगेल ना तुले."

होळी झाली की मी लोकरीचे कपडे आवरते. करडा, तपकिरी आणि मफलर आधी दिवसभर उन्हात, मग सुती पंचात गुंडाळून पेटीत. डांबरगोळ्या टाकत नाही, पुढच्या हिवाळ्यात घाम आला की तो वास पाच किलोमीटर पाठ सोडत नाही. आमच्या दारातल्या कडुनिंबाचा वाळवलेला पाला घालते. यंदा बाटलीहिरवा सगळ्यांत वर ठेवला, आणि त्याच्या घड्यांत दोन मुठी पाला जास्त घातला.